राकेल पचवणारं इंजिन

लग्न झालं तेव्हा माझा नवरा दुसऱ्याची काळीपिवळी जीप चालवायचा. कनेरगाव नाका ते हिंगोली आणि परत नाका, दिवसातून जितक्या फेऱ्या होतील तितक्या. मी सेनगाव तालुक्यात, साखऱ्याच्या बाजूच्या एका खेड्यात उपकेंद्रावर नर्स होते. उपकेंद्र म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत दवाखाना, मागच्या खोलीत आमचा संसार. माहेर माझं वसमतकडचं, हट्ट्याजवळचं. तिकडे कालव्याचं पाणी आणि हळदीची शेतं, इकडे सगळी कोरडवाहू जमीन. पण माझी नोकरी सरकारी होती, नवरा निर्व्यसनी होता, त्यामुळे दोन्ही घरचे लोक खूष होते.

निर्व्यसनी माणसाच्या तोंडालाही वास येतो, हे मला लग्नानंतर आठ दिवसांत कळलं. रॉकेलचा वास. आमच्याकडे राकेल म्हणतात. शर्टाच्या कॉलरला, टॉवेलला, उशीच्या अभ्र्याला तो वास होता. मला वाटलं, गाडीचं काम आहे, लागत असेल हाताला. पण हात धुऊन, आंघोळ करून माणूस जेवायला बसला तरी वास यायचाच. एका सकाळी पाणी भरायला मागच्या दाराने बाहेर आले आणि उलगडा झाला. जीप भिंतीला लागून उभी होती. उंच दगडावर एक कॅन, कॅनमध्ये पारदर्शक नळी, आणि नळीचं दुसरं टोक नवऱ्याच्या तोंडात. त्याने गाल आत घेऊन जोरात ओढलं. नळीतून निळा द्रव सरसरत खाली आला. त्याने चपळाईने टोक टाकीत कोंबलं, बाजूला थुंकला, पुन्हा थुंकला, बाहीला तोंड पुसलं आणि मला म्हणाला, "चहा ठेव ना."

रेशनचं राकेल निळं रंगवून येतं, कोणी भलतीकडे वापरलं तर ओळखू यावं म्हणून. ओळखू सगळ्यांनाच यायचं.

"हे रेशनचं आहे ना?" मी विचारलं.

"मंग काय झालं? सगळा रोड राकेलवर चालून राहिला. निस्त्या डिझेलवर गाडी घातली तर मालक म्हणंल, उद्यापासून येऊ नको."

"कुठून आणता?"

"मिळतं," तो म्हणाला.

त्या 'मिळतं'चा अर्थ कळायला महिना लागला नाही. आमच्याच गावच्या रेशन दुकानातून मिळत होतं. दुकानात महिन्याला राकेलचे बॅरल यायचे. पहिल्या दिवशी रांग लागायची, दहा-वीस बायकांच्या डब्यांत माप पडायचं आणि दुकानदार हात झटकायचा, "संपलं." मागे राहिलेल्या बायका रिकामे डबे वाजवत परत जायच्या. बॅरल मात्र रिकामे नसायचे. त्यातलं निळं राकेल कॅनमध्ये भरून नाक्याकडे जायचं. जीपच्या टाकीत त्याच्यासोबत काळ्या चहात दूध पडावं तेवढं डिझेल घालायचं आणि वरून थोडं इंजिनाचं ऑइल. गाडी चालायची. मागे धुराचा असा लोट सोडायची की मागच्या मोटारसायकलवाल्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं.

मी फार सोवळी होते असं नाही. उपकेंद्रातला स्टो राकेलचाच होता. घरात स्वयंपाक त्याच्यावर, आणि लसीकरणाच्या दिवशी सुया उकळायच्या त्याही त्याच्यावर. तेव्हा काचेच्या सिरिंजा होत्या. एका कुकरमध्ये सुया आणि सिरिंजा मांडायच्या, स्टोवर ठेवायच्या, ठरलेला वेळ वाफ द्यायची आणि मगच लेकरांना टोचायचं. दुकानात राकेल नसलं की नवरा जीपमधून एक बाटली काढून द्यायचा. मी घ्यायचे. कुठून आलं ते ठाऊक असून घ्यायचे. पहिली दोन वर्षं मी स्वतःला सांगत होते की हे दवाखान्याच्या कामाला येतंय, म्हणजे चालतं.

हिंगोली तेव्हा जिल्हा झाला नव्हता, परभणीत होती. एका बुधवारी लसीकरण होतं. आरोग्य केंद्रातून बर्फाच्या डब्यात लस आली होती आणि माझा स्टो कोरडा होता. सकाळपासून दोनदा दुकानाकडे माणूस पाठवला. दुकानाला कुलूप. तांड्यावरून पाच-सहा बायका लेकरं घेऊन आल्या होत्या. तांडा तिथून चांगला दीड तासाचा रस्ता. सगळ्यांत पुढे एक म्हातारी, कडेवर नातू, सून तापाने घरीच पडलेली. मी त्यांना सांगितलं, "थांबावं लागेल. सुया उकळायला राकेल नाही."

म्हातारी म्हणाली, "राकेल कुटं हाय बाई? आमच्या तांड्यात दोन महिने झाले, चिमणी पेटली न्हाई."

तेवढ्यात नवरा जीप घेऊन जेवायला आला. मी बाहेर जाऊन त्याला अडचण सांगितली. "त्यात काय!" म्हणाला आणि सलाइनची रिकामी काचेची बाटली मागितली. दवाखान्याच्या दारातच, त्या सगळ्या बायकांसमोर, त्याने टाकीत नळी घातली, तोंडाने ओढली, थुंकला आणि बाटली भरून उन्हात माझ्यासमोर धरली. त्या दिवशी नुकतंच भरलेलं असावं, डिझेल पडायचं होतं. बाटलीतलं राकेल स्वच्छ निळं दिसत होतं.

म्हातारीने ते पाहिलं. "हे तर आमचं हाय," ती म्हणाली. रागाने नाही. बाजारात कुणाच्या दाव्याला आपली शेळी दिसावी आणि माणसाने ती ओळखावी, तसा तो आवाज होता.

नवरा हसला. "मावशी, तुमच्या नातवाच्याच कामाला येऊन राहिलं न!"

बायकांतलं कोणी हसलं नाही. मी बाटली घेतली, आत गेले, स्टोत राकेल ओतलं, पंप मारला, कुकर चढवला. सुया उकळल्या, एकेक लेकरू टोचलं. म्हातारीने नातवाला मांडीवर घट्ट धरलं आणि टोचून होईपर्यंत ती माझ्याकडे नाही, स्टोकडे पाहत होती. मी सगळ्यांना ताप आला तर काय करायचं ते सांगितलं, गोळ्या दिल्या. त्या गेल्या. मग मी साबणाने दोनदा हात धुतले आणि तरी जेवणाचा घास तोंडात जाईना. नवरा समोर बसून भाकरी कुस्करत होता. त्याला काही झालंच नव्हतं. तेच मला सहन होईना. चोरी करणारा माणूस घाबरतो, नजर चुकवतो. हा नजर चुकवतही नव्हता. त्याला ती म्हातारी गमतीची वाटली होती.

"त्या बाईचं बोलणं ऐकलंत ना?"

"ऐकलं. मंग? म्या न्हाई घेतलं तर दुसरा घेईल. तिला थोडंच मिळणार हाय?"

पुढच्या महिन्यापासून मी आरोग्य केंद्राकडे लेखी मागणी करून राकेल मिळवलं. घरचा स्वयंपाक चुलीवर हलवला. त्याला धुराचा त्रास झाला, त्याने कुरकुर केली. मी ऐकलं नाही. आणि त्या वर्षीच्या जयंतीला गावच्या मंडपात हाच माणूस पांढरा शर्ट घालून उभा राहिला आणि गरिबाचा हक्क कोण खातो यावर चांगला अर्धा तास बोलला. आवाज त्याचा खणखणीत होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बायकांत बसले होते. शेजारची म्हणाली, "शिस्टर, दादा किती चांगलं बोलतात!" आमची लहान मुलगी माझ्या मांडीवर होती. मी मुलीला लघवीला न्यायचं निमित्त करून उठले.

अशी काही वर्षं गेली. हिंगोली जिल्हा झाला. जीपच्या मालकाने जीप विकली आणि नवरा रिकामा झाला. मग त्याच्या मनाने घेतलं की आता दुसऱ्याची नाही, स्वतःची गाडी. प्रवासी नकोत, मालाची पिकअप घ्यायची. सोयाबीन, भाजीपाला, बाजाराच्या दिवशी शेळ्या, लग्नसराईत मंडपाचं सामान. काम भरपूर होतं. नोकरी पक्की माझी, म्हणून कर्जाचे आणि गाडीचे कागद माझ्या नावावर होणार होते. मी हो म्हटलं, एका अटीवर.

"गाडीत राकेल पडणार नाही."

"व्हय."

"एक थेंब नाही."

"व्हय म्हणलं न बाई."

पिकअप कोणती घ्यायची हा प्रश्न चार दिवसांत मिटला. जी सगळीकडे दिसत होती तीच. पण तिच्यात दोन इंजिनं मिळत होती आणि खरा घोळ तिथे सुरू झाला. एक जुन्या घडणीचं, अवजड, ओरडणारं. दुसरं नवीन निघालेलं, कमी डिझेलात जास्त ओढणारं. नाक्यावरच्या ढाब्यावर नवऱ्याने आपला बेत सांगितला आणि बाजेवर बसलेल्या सगळ्या ड्रायव्हरांनी एकच सल्ला दिला. मी त्या दिवशी हिंगोलीहून मीटिंग करून येत होते, ढाब्याच्या कडेला खुर्चीवर बसून चहा पीत होते, सगळं ऐकू येत होतं.

"जुनं घे गड्या. ते कायबी पचवतं."

"नवं न्हाई घ्यायचं. नाजूक हाय. राकेल दाखवलं की उलटी करतं."

गाडी किती ओढते, चढाला कशी जाते, ब्रेक कसे आहेत, हे कोणी बोललंच नाही. एक नवं लाखमोलाचं यंत्र, ते बनवायला कुठे कुठे किती माणसं खपली असतील, आणि इथे बाजेवर दात कोरत त्याची निवड कशावरून चालली होती, तर गरिबाच्या चिमणीतलं तेल त्याला पचतं की नाही यावरून. नवरा मान डोलवत होता. मी पाहते आहे हे लक्षात आल्यावर त्याने मान डोलवणं थांबवलं.

"आपलं ठरलंय," मी वाटेत म्हणाले.

"पण इंजिन मजबूत असलेलं बरंच की. राकेल न घालता बी मजबूत असतं ते."

मला त्यातलं काही कळत नव्हतं, हे खरं. म्हणून मी म्हटलं, मिस्त्रीला विचारू. हिंगोलीत त्याच्या ओळखीचे एक मिस्त्री होते, पन्नाशीचे, हात कोपरापर्यंत काळे. आम्ही गेलो तर त्यांनी आधी हात धुतले, माझ्यासाठी स्टूल पुसून ठेवलं. मी सरळ विचारलं, दोन इंजिनांत फरक काय.

त्यांनी फळीवरून बोटाएवढी एक चकचकीत दांडी आणली. "भाभी, हे डिझेलच्या पंपाच्या आतलं. इंजिनचं काळीज समजा. हे आत-बाहेर होत राहतं. ह्याला चिकनाई लागते. जुन्या इंजिनात पंपाला इंजिनच्याच ऑइलची चिकनाई मिळते. म्हणून राकेल घातलं तरी पंप मरत नाही. बाकीचं इंजिन मरतं, पण हळूहळू, मालकाला दिसत नाही. नव्या इंजिनात डिझेल हीच पंपाची चिकनाई. राकेलात चिकनाई नसते. राकेल घातलं की पंप घासतो, जाम होतो. बराबर सांगतो, जुनं वाईट नाही. पण नवं जास्त चांगलं आहे. फक्त त्याच्याशी इमानदारीनं वागावं लागतं."

नवऱ्याने विचारलं, "थोडं थोडं घातलं तर? ऑइल मिसळून?"

मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "भाई, तू विचारायला कशाला आलास मग?"

मला त्या क्षणी ठरवता आलं. जे इंजिन राकेल पचवत नाही तेच घ्यायचं. नवऱ्याच्या शब्दावर माझा भरवसा नव्हता. एखाद्या दांडीवर तरी ठेवू.

गाडी घ्यायला आम्ही नांदेडला गेलो. शोरूममध्ये दोन पांढऱ्या पिकअप शेजारी शेजारी उभ्या होत्या, बाहेरून अगदी सारख्या. टाय लावलेला एक विक्रेता नवऱ्याशीच बोलत होता. मी कागदांची पिशवी धरून उभी होते, त्याला मी दिसतच नव्हते. त्याने आधी जुन्या इंजिनाची गाडी सुरू केली. काचा थरथरल्या. मग हळूच नवऱ्याच्या कानाजवळ येऊन, पण मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "भैया, आपके एरिया में ये ही चलता है. सब हजम कर लेता है." आणि त्याने डोळा मिचकावला.

त्या डोळा मिचकावण्यात काय नव्हतं! आमच्या गावचा दुकानदार होता, नाक्यावरचे ड्रायव्हर होते, माझा नवरा होता. गावातल्या अडाणी माणसांचं सोडा, हा टायवाला, एसीत बसणारा माणूसही त्यातलाच होता. मला अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

"दुसरी सुरू करा," मी म्हणाले.

तो म्हणाला, "मॅडम, ती तुम्हाला परवडणार नाही. म्हणजे मेंटेनन्सला. डिझेल शुद्ध लागतं तिला."

"आम्ही शुद्धच घालणार आहोत."

तो हसला. नवरा हसला नाही, पण त्याच्या ओठांचा कोपरा हलला, तो मी पाहिला.

"गाडी माझ्या नावावर होणार आहे," मी पिशवी टेबलावर ठेवली. "जी राकेलवर चालत नाही ती द्या. नाहीतर कागद परत घेऊन जाते."

विक्रेता नवऱ्याकडे पाहत राहिला. नवरा बाहेरच्या रस्त्याकडे. शेवटी त्याने, "ती म्हणते ती द्या," एवढंच म्हटलं. परत निघालो. नवीन गाडी, नारळ फोडलेला, पुढे हार, आणि आत दोन माणसं मयतीहून आल्यासारखी.

पहिलं दीड वर्ष मात्र चांगलं गेलं. खोटं कशाला सांगू, त्यालाही ते इंजिन आवडलं होतं. भरलेली गाडी चढाला खालच्या गिअरशिवाय गेली की तो घरी येऊन सांगायचा. उशीच्या अभ्र्याला फक्त तेलाचा आणि घामाचा वास यायला लागला. मुलगी त्याच्या मांडीवर बसून जेवायची. मी मनात म्हटलं, सुधारला माणूस.

पण बाकीच्या गाड्या राकेलवर चालत होत्या. त्या कमी भाड्यात माल उचलायच्या. ढाब्यावर त्याला चिडवायचे, "शिस्टरची गाडी आली, इंजेक्शन घेऊन!" तो घरी येऊन मला ते सांगायचा आणि माझ्या तोंडाकडे बघायचा. मी म्हणायचे, "चिडवू द्या." त्याच्यावर काय बेतत होतं ते मला तेव्हा पुरतं समजलं नाही, हेही कबूल केलं पाहिजे. मला पगार होता. त्याला फेरी मिळाली नाही की तो दिवसभर ढाब्यावर त्याच लोकांत बसून असायचा.

मग आम्हा नर्सांचं पंधरा दिवसांचं प्रशिक्षण नांदेडला लागलं. एकदाच वापरून फेकायच्या नव्या सिरिंजांचं. मी मुलीला घेऊन गेले. परत आले तर हिंगोलीच्या स्टँडवर तो गाडी घेऊन न्यायला आला होता. कधी नव्हे ते. मुलगी धावत गेली. मी पिशव्या ठेवल्या, आत बसले, त्याने किल्ली फिरवली. आणि काचा थरथरल्या.

मला आधी वाटलं, काहीतरी सुटलं असेल, आवाज करत असेल. मग मागून धूर आला. मुलगी डोळे चोळायला लागली.

"हे कोणतं इंजिन आहे?"

"कोणतं म्हंजी?"

"मला आवाज कळतो. हे आपलं नाही."

तो समोर बघत म्हणाला, "त्याचा पंप जाम झाला होता. रिपेरीला लई दिवस लागून राहिले होते. मंग एका गॅरेजात हे मिळालं, चांगलं होतं, बसवून घेतलं."

"पंप जाम काहून झाला?"

त्याने आरसा हलवून नीट केला.

"किती दिवस घालत होतात?"

"एकदा दोनदा घातलं. ऑइल मिसळून घातलं होतं पण." जणू काही ऑइल मिसळलं म्हणजे माझ्यावर उपकारच झाले होते.

म्हणजे मी जे इंजिन त्याला आवरायला आणलं होतं, ते त्याने मारून टाकलं होतं, आणि त्याच्या जागी पचवणारं आणून बसवलं होतं. मी शिकायला गेले तेवढ्यात. मी मुलीचा हात धरला, पिशव्या काढल्या आणि उतरले. तो मागून हाक मारत होता. स्टँडवरची माणसं बघत होती. आम्ही एसटीने घरी आलो. त्यानंतर मी त्या गाडीत बसले नाही. दवाखान्याच्या कामाला गाडी लागली तरी मी दुसऱ्याची बोलवायचे. तो समोर उभा असायचा.

माणूस वाईट होता का? मला मारलं नाही, दारू नाही, मुलीवर जीव. माझी आई मला हेच सांगायची. मी तिला म्हणायचे, "आई, मला त्याच्या जवळ बसवत नाही." आईला वाटायचं मी वासाबद्दल बोलते.

गाडी घेऊन दोन वर्षं झाली, तिचं पासिंग आलं. आरटीओच्या माणसाला गाडी दाखवायची, तो इंजिनाचा नंबर कागदाशी ताडून पुढचा दाखला देतो. एका सकाळी नवऱ्याने माझ्यासमोर एक फॉर्म ठेवला. मालकाच्या इच्छेने इंजिन बदललं आहे, त्याची नोंद व्हावी, असा मजकूर. खाली सहीच्या जागी पेन्सिलीने फुली केली होती.

"इथं सही कर."

"माझ्या इच्छेनं?"

"तसंच लिवावं लागतं. सगळेच लिवतात."

मी फॉर्म वाचला. पुन्हा वाचला. इतकी वर्षं जे जे मला बघवलं नव्हतं, त्या सगळ्यावर मी सही करायची होती. फॉर्म घडी करून मी त्याच्या हातात दिला. "माझी इच्छा दुसरी होती. शोरूममध्ये चार माणसांत सांगितली होती. ते इंजिन कुठे आहे?"

ते सासऱ्यांच्या गोठ्यात होतं. विकायला काढलं होतं, पण कागदाशिवाय इंजिन कोणी घेईना. मी रजा टाकून सासरी गेले. गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्याखाली ते पडलं होतं, त्याच्यावर कोंबड्या बसत होत्या, वर त्यांची घाण वाळून कडक झाली होती. सासरे ओशाळले. "पोरी, आमाला काय माहीत ते कशाचं," म्हणाले आणि स्वतः फडक्याने पुसायला लागले. आम्ही दोघांनी मिळून ते पुसलं.

पुढचं सांगायला फार नाही. मी नवऱ्याला सांगितलं, हे परत बसलं तरच मी पासिंगला येते, नाहीतर गाडी दारात सडू दे. तो तीन दिवस जेवला नाही. मग मिस्त्रींकडे गेला. त्यांनी पंप उघडला, आतली घासलेली दांडी काढून माझ्यासाठी कागदात गुंडाळून पाठवली. मी ती उघडून पाहिली आणि टाकून दिली. नवा पंप बसला, इंजिन जागेवर आलं, आरटीओच्या माणसाने नंबर तपासले, दाखला दिला. गाडी पुढे सहा वर्षं डिझेलवर चालली. त्याला पटलं म्हणून नाही. दरवर्षी पासिंग यायचं आणि माझी सही लागायची म्हणून.

गाडी विकायला काढली तेव्हा जवळच्याच गावचा एक माणूस बघायला आला. नवरा त्याला अंगणात फिरवून दाखवत होता. "नंबर एक गाडी. हिनं कधी राकेल बघितलं न्हाई. आमच्या घरी ते चालतच न्हाई." त्याच्या आवाजात खराखुरा अभिमान होता. मी दारात गहू निवडत होते. माझ्या हातातलं सूप थांबलं.

त्या माणसाने माझ्याकडे वळून विचारलं, "व्हय का शिस्टर?"

"नाही," मी म्हणाले. "मधे घातलं होतं त्यांनी. पंप जाम झाला होता, बदललाय. बघून घ्या."

नवऱ्याचा चेहरा उतरला. तो माणूस मात्र गाडीकडे वळला, बॉनेट उचलून आत वाकला, आणि पुन्हा वर बघत मोठ्या उत्सुकतेने म्हणाला, "पंप जाम होईस्तोर किती दिवस चालली म्हणता राकेलवर?"

मी सूप उचललं आणि आत गेले.